अठ्ठेचाळीस वर्षं बिननावाचं झाड

प्रश्न : पेपरात अधूनमधून बातमी येते, ‘शास्त्रज्ञांना झाडाची नवी जात सापडली.’ किडा नवा सापडला, बेडूक नवा सापडला, तर समजू शकतं. ती बारकी असतात, पळतात, लपतात. पण झाड? ते जागचं हलत नाही. इतकी वर्षं ते कुणाला दिसलंच नाही? की दिसलेलंच झाड आता नाव गाजवायला म्हणून नवं ठरवलं? (एक निवृत्त शिक्षक, कणकवली)

उत्तर : सर, शेवटच्या वाक्यातला संशय आधी बाजूला ठेवतो, पण विसरत नाही. त्यात तथ्य आहे आणि त्याच्याकडे परत यायचंय.

‘दिसलं नाही’ हे जवळजवळ कधीच खरं नसतं. झाड दिसलेलं असतं, अनेकांनी त्याला टेकून बिडीसुद्धा ओढलेली असते. फक्त त्याची ओळख पटलेली नसते. दिसणं आणि ओळख पटणं यांत किती वर्षं जाऊ शकतात, यासाठी मला पेरूतलं एक झाड फार आवडतं. पेरू म्हणजे दक्षिण अमेरिकेतला देश. झाडांबद्दल लिहिताना हा खुलासा करावाच लागतो.

या देशात मानू नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. अँडीज पर्वताच्या उतारावरून खाली ॲमेझॉनच्या सखल, सदाहरित जंगलापर्यंत पसरलेलं. क्षेत्र सतरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे आत ठेवले तरी जागा उरेल. तिथे कोचा काशू नावाचं एक जुनं संशोधन केंद्र आहे. ‘कोचा’ म्हणजे तळं आणि ‘काशू’ म्हणजे आपला काजू. तळ्याचा आकार काजूगरासारखा, म्हणून हे नाव. १९७३ साली रॉबिन फॉस्टर हा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मानूतल्या संशोधन केंद्रातून निघणाऱ्या पायवाटेने चालला होता. वाटेत त्याला एक लहानसं झाड दिसलं. फार तर सहा मीटर उंच, एरवी लक्ष जाऊ नये असं. लक्ष गेलं ते फळांकडे. नारिंगी रंगाचे छोटे छोटे आकाशकंदील टांगावेत तशी फळं, पिकली की रसाळ, आत काही बिया.

इथे नीट लक्ष द्या. हे झाड कुठल्या दुर्गम कड्यावर नव्हतं. संशोधन केंद्राच्या पायवाटेवर होतं. ज्या वाटेवरून जगभरचे झाडं ओळखणारे लोक रोज ये-जा करतात, त्या वाटेवर.

फॉस्टरने फांदी कापली, दाबली, सुकवली आणि नमुना करून ठेवला. मग प्रश्न आला, हे कोण? वनस्पतिशास्त्रज्ञाची रीत आपल्या मालवणी म्हाताऱ्यांसारखीच असते. नवा पोरगा दिसला की ते आधी विचारतात, “तू कोणाचो रे?” घराणं कळलं की पुढचं सोपं. झाडाचंही कूळ आधी ठरवायचं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ तोडला तर चीक येतो का, फुलाला पाकळ्या किती, बी कशी बसली आहे, अशा खुणांवरून अनुभवी माणूस मिनिटभरात कूळ सांगतो. या झाडाने मात्र ‘कोणाचो’चं उत्तरच दिलं नाही. एक खूण या कुळाची, दुसरी त्या कुळाची, तिसरी आणखी तिसऱ्याची. कुठल्याच घरात धड बसेना.

नमुने संग्रहात पडून राहिले. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये नॅन्सी हेन्सोल्ड या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी हे कोडं मनावर घेतलं आणि वर्षानुवर्षं सोडलं नाही. जाणकारांना दाखवून झालं, तुलना करून झाली. सुकलेल्या पानांतून डीएनए काढायचा प्रयत्न झाला, तोही फसला. शेवटी मानूच्याच जंगलात वर्षानुवर्षं काम केलेल्या पॅट्रिशिया आल्व्हारेझ-लोआयझा यांना साकडं घातलं, आणि त्यांनी ताजा नमुना मिळवला. आता डीएनए निघाला. म्युझियममधल्या रिक री यांनी तो वाचला आणि उत्तर आलं, पिक्रॅम्निएसी.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. हे कूळ फक्त अमेरिका खंडांत आहे आणि आहे अगदी छोटं. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याला स्वतंत्र घरही नव्हतं. आपला महारुख ज्या कुळातला, त्याच कुळात या झाडांना ढकललेलं होतं. न्यूयॉर्कचे वेट थॉमस हे त्या कुळाचे मोठे जाणकार. त्यांच्याकडे नमुना गेला तेव्हा त्यांचाही आधी विश्वास बसेना, कारण त्या घरातल्या एकाही झाडासारखा हा चेहरा नव्हता. मग त्यांनी भिंगाखाली फुलं धरली. दोन-तीन मिलिमीटरची फुलं. तिथे मात्र खुणा जुळल्या. २०२१ मध्ये ‘टॅक्सॉन’ या नियतकालिकात झाडाला नाव मिळालं, एनिग्मानू आल्व्हारेझिए. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘मानूचं कोडं’; दुसरा शब्द ताजी फांदी आणणाऱ्या बाईंच्या नावावरून. ही नुसती नवी जात नव्हती, अख्खी नवी प्रजातीच, म्हणजे जवळच्या जातींचा गटच, होती. त्या कुळात तोवर तीन प्रजाती होत्या, ही चौथी.

१९७३ ते २०२१. अठ्ठेचाळीस वर्षं.

हा अपवाद असेल असं वाटत असेल, तर एक अभ्यास सांगतो. २०१० मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला, की नव्या ठरलेल्या वनस्पतींचा पहिला नमुना प्रत्यक्षात कधी तोडला गेला होता. नमुना मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत नाव मिळालं, अशा जाती निघाल्या फक्त १६ टक्के. जवळजवळ पाव जातींच्या बाबतीत वापरलेले नमुने पन्नास वर्षांहून जुने होते. त्यांचा अंदाज असा, की जगात अजून नाव न मिळालेल्या ज्या सुमारे ७०,००० सपुष्प वनस्पती असाव्यात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्ता या क्षणी कुठल्या ना कुठल्या संग्रहाच्या कपाटात आहेत. कागदावर चिकटवलेल्या, दोऱ्याने टाचलेल्या, चुकीच्या नावाच्या किंवा बिननावाच्या.

म्हणून मला त्या बातम्यांबरोबर छापतात ते फोटो पटत नाहीत. हिरव्यागार जंगलात टोपी घालून उभा असलेला माणूस! त्याऐवजी डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या खोलीत, भिंग डोळ्याला लावून जुना कागद उलटणारा माणूस छापला, तर ते खरं होईल.

आता सदाहरित जंगलाबद्दल थोडं, कारण अशी झाडं तिथेच जास्त का निघतात हेही तुमच्या प्रश्नात आहे. आंब्याच्या बागेत शंभर झाडं असली तरी जात एकच. विषुववृत्ताजवळच्या जंगलात अडीच एकरांत दोनशे-अडीचशे जातींची झाडं उभी असतात, म्हणजे एका जातीचं दुसरं झाड शोधायला कधी कधी डोंगर ओलांडावा लागतो. वर पानं सगळ्यांची सारखी दिसतात. लांबट, चकचकीत, टोकाला निमुळती, म्हणजे पावसाचं पाणी पटकन गळून जावं. घराणी वेगळी, पण गणवेश एक. ओळख पटवायला फूल हवं, आणि फूल असतं तीस-चाळीस मीटर वर, वर्षातून आठ-पंधरा दिवस, बहुधा भर पावसात किंवा तुम्ही घरी परत गेल्यावर. लांब काठीला कात्री बांधून फांदी पाडतात, दोर लावून चढतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानातल्या ई. जे. एच. कॉर्नर यांनी तर या कामासाठी माकडं शिकवून ठेवली होती. तिथे नारळ पाडायला माकडं वापरायची पद्धत होतीच. आपल्या पाडेल्याचं काम माकडाकडे. कॉर्नर यांनी त्याच माकडांना फुलाची फांदी तोडून खाली टाकायला लावलं.

झाड मोठं असलं म्हणजे सुटतं, असंही नाही. ब्राझीलच्या एस्पिरितो सान्तो राज्यात अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात एक झाड चाळीस मीटरपर्यंत वाढतं. शेंगा जवळजवळ अर्धा मीटर लांब, लाकडासारख्या कडक, कोयत्याच्या पात्यासारख्या. हे झाड शास्त्राच्या वहीत २०१७ मध्ये चढलं, डिनिझिया जुएराना-फाकाओ या नावाने. तोवर या प्रजातीत एकच जात माहीत होती, ॲमेझॉनमधली. नाव दिलं तेव्हा या जातीची पंचवीसच झाडं माहीत होती.

आता तुमचा संशय. नवं कशावरून ठरतं? दवंडी पिटून नाही. लेखकाने त्या झाडाचं बारीक वर्णन छापावं लागतं, जवळच्या भावंडांपासून ते कशात वेगळं ते दाखवावं लागतं, आणि एक विशिष्ट सुकवलेला नमुना ‘हाच तो’ म्हणून सार्वजनिक संग्रहात ठेवावा लागतो. त्याला टाइप नमुना म्हणतात. पुढे शंभर वर्षांनी कुणी भांडायला आलं तर त्या कागदावर बोट ठेवून भांडायचं. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागे. आता इंग्रजीही चालते.

एवढं करूनही माणसं चुकतात, घाई करतात, आणि हो, नावासाठीही करतात. एकाने नवी म्हणून छापलेली जात दुसरा जुन्यातच मिसळून टाकतो. २०१३ मध्ये जगभरातल्या वनस्पतींच्या नावांची एक मोठी यादी झाली होती. नावं भरली दहा लाखांहून जास्त. मान्य झालेल्या जाती साडेतीन लाख. म्हणजे सरासरी एका जातीमागे तीन नावं. तुम्ही वर्गात पोरांच्या खोट्या सह्या पकडल्या असतील, तसंच हे काम चालतं. तेव्हा संशय चुकीचा नाही. पण मानूच्या झाडाबाबत तो लागू नाही. ज्याने पहिला नमुना घेतला त्या फॉस्टरने अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही घाई केली नाही.

प्रश्न : आता सगळीकडे डीएनए चाचणी आहे. पान घातलं की यंत्रातून नाव बाहेर येईल अशी सोय नाही का? (एक विद्यार्थिनी, बारावी विज्ञान, इचलकरंजी)

उत्तर : यंत्रातून नाव येत नाही, नातं येतं. तुमच्या झाडाचा डीएनए आधी जमवलेल्या डीएनएंशी ताडून बघतात आणि जवळचे नातेवाईक कोण ते सांगतात. नातेवाइकांची नोंदच नसेल, तर यंत्र बिचारं काय सांगणार? शिवाय ताजा तोडलेला नमुना दमट हवेत खराब होऊ नये म्हणून अनेकदा मद्यार्कात भिजवून मग वाळवतात. त्याने पान टिकतं, डीएनएचे मात्र तुकडे होतात. म्हणून आता जंगलात जाणारे लोक पानाचा एक तुकडा वेगळा काढून सिलिका जेलच्या पुडीत टाकतात. नव्या बुटांच्या खोक्यात जी छोटी पुडी असते ना, तेच ते दाणे.

मानूच्या झाडात डीएनएने दार दाखवलं. आत शिरून खात्री केली ती फुलं बघणाऱ्या माणसानेच. तुला या विषयात पुढे जायचं असेल तर दोन्ही शिक. सध्या यंत्रं चालवणारे पुष्कळ मिळतात, दोन मिलिमीटरचं फूल उघडून बघणारे कमी.

प्रश्न : तिथल्या आदिवासींना ती झाडं पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतात. मग ‘शोध’ परदेशी शास्त्रज्ञाचा कसा? आणि एका झाडाला म्हणे सिनेनटाचं नाव दिलंय. हा काय प्रकार? (एक वाचक, पणजी)

उत्तर : रागाचा रोख बरोबर आहे. मानूच्या जंगलात माचिगेंगा लोक राहतात आणि ते हे झाड आधीपासून वापरत आले आहेत. शिकागोत कोडं चालू होतं तेव्हा माचिगेंगांच्या घरांत ते कोडं नव्हतं. म्हणून मी स्वतः ‘सापडलं’ हा शब्द टाळतो आणि ‘नोंदलं’ म्हणतो. नोंद हे वेगळं काम आहे आणि त्याचीही गरज आहे. गावातलं नाव दुसऱ्या गावात बदलतं. एकाच नावाने दोन झाडं ओळखली जातात. सावंतवाडीत एका नावाची पानं काढ्यात घालतात आणि घाटावर त्याच नावाचं झुडूप विषारी निघतं, असे घोळ होतात. नोंद झाली की हे थांबतं.

स्थानिक नावाचा मान राखायची पद्धत आहे, फक्त ती नेहमी पाळत नाहीत. ब्राझीलच्या ज्या झाडाचं वर सांगितलं, त्याचं शास्त्रीय नाव लोकांचंच आहे. तिथले लोक त्याला जुएराना-फाकाओ म्हणत. फाकाओ म्हणजे कोयता. शास्त्रज्ञांनी तेच उचललं. मला हे नाव कुणाही साहेबाच्या नावापेक्षा चांगलं वाटतं, कारण शेंग बघितली की नाव आठवतं.

आणि तुम्ही पणजीहून लिहिताय म्हणून एक गोष्ट सांगतो. ‘हॉर्तूस मलबारिकुस’ हा डच अधिकारी व्हान ऱ्हीडने काढलेला बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातली माहिती मुख्यतः इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांची. पण त्यांच्यासोबत रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांनी साक्ष म्हणून लिहिलेला कोकणी मजकूर पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात नागरी अक्षरं! तेव्हाच्या त्या डच माणसाने सांगणाऱ्यांची नावं पानावर ठेवली. पुढच्या दोनशे वर्षांत अनेक मोठमोठ्या साहेबांना ते जमलं नाही.

सिनेनटाचं नाव म्हणताय ते कॅमेरूनचं झाड. उवारिओप्सिस डिकाप्रिओ, जानेवारी २०२२. एबो नावाचं जंगल आहे. तिथे लाकूडतोडीचा ठेका द्यायचं सरकारने ठरवलं होतं. लोकांनी आणि शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो बेत मागे घेतला गेला. लिओनार्दो डिकाप्रिओने त्या मोहिमेला जाहीर पाठिंबा दिला होता, म्हणून लंडनमधल्या क्यू उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी त्याचं नाव दिलं. झाड म्हणाल तर आपल्या ओळखीच्या घरातलं, सीताफळ आणि हिरव्या चाफ्याच्या कुळातलं. चारेक मीटर उंच, आणि फणसाला जशी खोडाला फळं लागतात तशी याला थेट खोडावर पिवळसर हिरवी, चकचकीत फुलं येतात. नट आवडो न आवडो, त्या नावामुळे जगभरच्या पेपरांत एबो जंगलाचं नाव छापलं गेलं. पण माझं मत विचाराल, तर त्या जंगलाशी नातं असणाऱ्या बानेन लोकांचं नाव त्या झाडाला जास्त शोभलं असतं.

प्रश्न : ॲमेझॉन, आफ्रिका ठीक. आपल्या सह्याद्रीत अशी झाडं अजून आहेत का? (एक वाचक, कराड)

उत्तर : आहेत, आणि त्यांतलं एक तुमच्या माझ्या आजीच्या ओळखीतल्या झाडाचं भावंड आहे. बिब्बा.

बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात हे ज्याला माहीत नाही, त्याचं लहानपण गावात गेलेलं नाही. धोबी कपड्यांवर खुणा करायचे ते त्याच्याच रसाने. आतली गोडंबी लाडवात जायची. आणि चाललेल्या कामात बिब्बा घालणारे लोक तर शहरातही भेटतात. या बिब्ब्याच्या प्रजातीतलं एक झाड उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दापूर तालुक्यातल्या कत्तलेकानच्या दलदलीत वाढतं. कन्नडमध्ये कत्तले म्हणजे काळोख आणि कान म्हणजे रान. काळोखाचं रान. २००० साली या झाडाचं वर्णन छापलं गेलं आणि त्याला त्या रानाचंच नाव मिळालं, सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. आपला बिब्बा उघड्या, कोरड्या डोंगरउतारावर रमतो. हे भावंड पाय चिखलात घालून उभं राहतं. एकाच घरातली दोन भावंडं, पण एकाला दुसऱ्याच्या अंगणात करमणार नाही.

ही दलदल साधी नव्हे. जायफळाच्या जातभाईंची ती दलदल असते. तिथल्या झाडांची मुळं चिखलातून वर येतात, गुडघा दुमडल्यासारखी वाकतात आणि परत खाली जातात. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात. सह्याद्रीत अशा जागा आता थोड्याच उरल्यात, कारण बारमाही पाणी आणि सपाट जमीन दिसली की माणसाला तिथे भात किंवा सुपारीच दिसते. महाराष्ट्रातही एक जागा आहे. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली दलदल २०२१ मध्ये राज्याने जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र अडीच हेक्टरांच्या जरासं पुढे, म्हणजे बऱ्यापैकी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर मावेल एवढंच. गोव्यात सत्तरीतल्या बांबर इथे निरंकाराची राई आहे, तिथेही ही झाडं देवाच्या नावावर टिकली.

देवाच्या नावावर टिकलेलं आणखी एक झाड केरळात आहे. मोहाच्या प्रजातीतलं हे झाड रॉबर्ट वाइट या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये गोळा केलं होतं. नंतर ते कुणाला दिसेना, संपलं असं धरून चालले. १८० हून जास्त वर्षांनी ते कोल्लम जिल्ह्यात मिळालं, एका मंदिराच्या देवराईत. एकच झाड. ते आधीही तिथेच होतं, पण लोक त्याला मोहाचा दुसरा एक जातभाई समजत होते. पुन्हा तेच, कणकवलीचे सर. दिसत होतं, ओळख चुकली होती.

जगात झाडांच्या एकूण किती जाती, याचा २०२२ मध्ये एक मोठा अंदाज निघाला. सुमारे ७३,०००. त्यांतल्या ९,००० च्या आसपास अजून नोंदायच्या. सर्वांत जास्त शिल्लक दक्षिण अमेरिकेत. पण ज्या जाती अजून नोंदलेल्या नाहीत त्या बहुतेक दुर्मीळ असणार, एखाद्याच खोऱ्यात उभ्या. आणि कायद्याने संरक्षण द्यायचं तर आधी नाव लागतं. बिननावाचं झाड तोडलं तर गुन्हा कुणाविरुद्ध नोंदवणार?

प्रश्न : आमच्या परड्यात पाणंदीच्या कडेला एक झाड आहे. सासूबाईंना त्याचं नाव माहीत नाही, वनरक्षक आले होते त्यांनाही सांगता आलं नाही. फोनवरचं ॲप दर वेळी वेगळं नाव दाखवतं. शिमग्याच्या सुमाराला आठवडाभर फुलतं. ही नवी जात असेल का? (एक गृहिणी, दोडामार्ग तालुका)

उत्तर : ताई, खरं सांगू? बहुधा नाही. पण ‘बहुधा’ म्हणालो आहे, ‘नक्की’ नाही. मी स्वतः आमच्या गल्लीतल्या एका झाडाला पाच वर्षं चुकीच्या नावाने हाक मारत होतो आणि वर इतरांनाही छातीठोकपणे सांगत होतो. एके दिवशी त्याला फळ आलं आणि माझी पाच वर्षं खोटी ठरली. तेव्हापासून फळ-फूल बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

तुमचं ॲप रोज वेगळं नाव दाखवतंय, कारण तुम्ही त्याला पानच दाखवताय. पानांवर विसंबू नका. असं करा. सबंध झाडाचा एक फोटो काढा. खोडाच्या सालीचा जवळून एक. पानाची वरची बाजू आणि पाठ, दोन्ही, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. पानं देठावर समोरासमोर आहेत की आळीपाळीने, ते दिसेल अशी पूर्ण डहाळी. देठ मोडल्यावर चीक येतो का, त्याचा रंग कोणता, वास कसा, हे वहीत लिहा. पण चीक हाताला लावू नका. दोडामार्गात बिब्ब्याची भावंडं पुष्कळ आहेत. गळून पडलेलं फळ मिळालं तर ते मधोमध कापून त्याचाही फोटो. तारीख आणि गावाचं नाव प्रत्येकाबरोबर. आणि सासूबाईंना नाव माहीत नसलं तरी वाडीतल्या गुराख्यांना विचारा. झाडाचं नाव ठाऊक नसेल पण ‘याचा पालो गुरां खाणत नाय’ एवढं तरी कुणी सांगेलच. तेही लिहून ठेवा, कारण असली माहिती कुठल्याही ॲपमध्ये नाही.

फांद्या तोडून पार्सल करू नका. झाड तुमच्या परड्यातलं असलं तरी आधी फोटोंवर भागतं का बघू. नाही भागलं, तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कोकणातले नमुने तिथे कपाटांत आहेत. त्यांच्याशी ताडून बघणारी माणसं तिथे बसतात, आणि नमुना कसा घ्यायचा तेही तीच सांगतील.

तोवर पाणंद रुंद करायला कुणी जेसीबी घेऊन आलं, तर एवढं एक झाड चुकवायला सांगा. शिमग्याला फूल आलं की फोटो पाठवा, फूल पुढून, मागून आणि उभं कापून. पानाच्या पाठीचा विसरू नका.